देवनागरी ईमेल पत्ता स्वीकारण्यापूर्वी

तुमच्या ऑनलाइन अर्जात देवनागरी ईमेल पत्ते चालावेत अशी तुमची इच्छा आहे, याचा मला मनापासून आनंद आहे. ‘@’ चिन्हाच्या उजवीकडचा भाग, उदाहरणार्थ ‘.भारत’ने संपणारे डोमेन, प्युनीकोडमध्ये, म्हणजे इतर लिपीतले नाव रोमन अक्षरे व अंकांत लिहिण्याच्या पद्धतीत, रूपांतरित करता येतो. डावीकडचे नाव मात्र कधीही तसे बदलू नका, कारण ते यूटीएफ-८ मध्येच (सर्व लिपींची चिन्हे बाइटांत साठवण्याच्या पद्धतीत) राहावे असे २०१२ च्या आरएफसी ६५३१ या इंटरनेटच्या तांत्रिक मानकात ठरले आहे. पुढच्या सर्व्हरने ‘एसएमटीपीयूटीएफ८’ ही, म्हणजे असे पत्ते हाताळण्याची, क्षमता जाहीर केली नसेल, तर असे पत्र परतच येते. म्हणून वापरकर्त्याकडून रोमन लिपीतला पर्यायी पत्ताही घेऊन ठेवा.

पत्ता तपासताना केवळ अक्षरांना परवानगी देणारा नियम लिहिलात, तर काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त ही चिन्हे युनिकोड या सर्व लिपींच्या संगणकीय मानकात ‘अक्षर’ या वर्गात येत नसल्यामुळे ‘सुनीता’ हे साधे नावही नाकारले जाईल. डाव्या भागाला ६४ बाइटची मर्यादा आहे आणि देवनागरीतील प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणजे मात्रांसह जेमतेम २१ चिन्हे मावतात.

सर्वांत जास्त वेळ मात्र ‘कऱ्हाडे’सारख्या आडनावांना द्या. त्यातला ‘ऱ्ह’ कोणी स्वतंत्र ‘ऱ’ वापरून टंकतो, तर कोणी ‘र’, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाला ते दोन निराळे पत्ते वाटतात आणि युनिकोडचे एनएफसी सामान्यीकरणही (सारख्या मजकुराची निरनिराळी रूपे एका ठरावीक रूपात आणण्याची पद्धत) त्यांना एक करत नाही. त्यामुळे नवे खाते उघडतानाच दोन्ही रूपे एकाच व्यक्तीसाठी राखून ठेवा.