कंबोडियाच्या राजधानीत, नॉम पेन्हमध्ये राहतो. शेजारच्या ख्मेर, म्हणजे इथल्या बहुसंख्य समाजातल्या, घरी मृत्यू झालाय. परक्या माणसाने जावं का, आणि काय घेऊन?

हो, जरूर जा. पांढरा शर्ट, काळी पँट घाला आणि पांढऱ्या पाकिटात जमेल तेवढे पैसे न्या. तिथे शोकाचा रंग पांढराच. दारासमोर मांडव असला तरी लग्नाचा मांडव गुलाबी-सोनेरी रंगांचा असतो आणि मयताघरी मगरीच्या आकाराचं पांढरं निशाण लावतात, त्यावरून ओळख पटते. पाकीट हा आहेर नव्हे, विधींच्या खर्चाला हातभार असतो. चपला काढून चटईवर बसा, पाय भिक्खूंकडे किंवा पार्थिवाकडे करू नका. उदबत्ती कशी लावायची ते शेजारच्या माणसाकडे बघून करा.

आपल्याला सर्वांत अवघडल्यासारखं होतं ते खाण्यापाशी. आपल्याकडे सुतकाच्या घरी पाणीही टाळतात, तिथे मात्र आलेल्यांना तांदळाची पेज देतात. ती नाकारू नका, दोन घास तरी खा. शाकाहारी असाल तर आधी विचारा, तिच्यात बहुधा मांस असतं.

सात वर्षं तिथे राहून अशा अनेक घरी गेले, त्यावरून सांगते. फक्त चिनी वंशाच्या कुटुंबांत रीत वेगळी असू शकते, म्हणून घरमालकिणीला आधी विचारून घ्या. सातव्या आणि शंभराव्या दिवशीही विधी असतात. बोलावलं तर जा. 'प्चुम बेन' हा त्यांचा पितरांचा पंधरवडा तर भाद्रपदाच्या वद्य पक्षातच येतो, तो तुम्हाला परका वाटणार नाही.