बाईंना विचारा : शाळा सातवीला संपते तेव्हा

गेल्या अंकात ‘शाळेची भाषा’ या विषयावर प्रश्न मागवले होते. पत्रं एवढी आली की टपालाची पिशवी उचलताना मनगट दुखलं. त्यातली चार इथे घेते आहे.

उत्तरांआधी एक सांगते, म्हणजे मी कुठून बोलते ते कळेल. बत्तीस वर्षं मी गिरणगावातल्या एका जुन्या इमारतीत शिकवलं. तळमजल्यावर उर्दू शाळा, पहिल्या मजल्यावर आमची मराठी, दुसऱ्यावर तेलुगू, तिसऱ्यावर हिंदी. मुख्याध्यापक चार, हजेरीपट चार, प्रार्थना चार, आणि घंटा एकच. मधल्या सुट्टीत पाण्याच्या नळावर मात्र कुठलंच माध्यम नसायचं.

प्रश्न : नमस्कार बाई. मुलगी मराठी माध्यमात चौथीत आहे. वाचायची खूप आवड आहे. पण शाळा सातवीपर्यंतच आहे. जाऊबाई म्हणतात, आत्ताच पाचवीला इंग्रजी माध्यमात घाल, आठवीला कोणी घेणार नाही. मिस्टर म्हणतात, राहू दे. मला रात्री झोप लागत नाही. काय करू?
— एक आई, लालबाग

उत्तर : ताई, माध्यम बदलू नका. पण जाऊबाईंवर रागावूही नका. आठवीला कुठे जायचं, हा त्यांचा प्रश्न अगदी खरा आहे.

आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या तेलुगू शाळेचा पट घटत गेला आणि एका जूनमध्ये तिचे वरचे वर्ग भरलेच नाहीत. चौथी झालेली सहा मुलं जिना उतरून माझ्या पाचवीत आली. त्यांत एक पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर समाजातल्या घरातली मुलगी होती, तिच्या वर्गात पहिली येणारी. माझ्याकडे ती गप्प बसायची. तोंडी गणितं घेताना विचारलं, सात आणि आठ किती? तिचे ओठ हलले. मी जवळच उभी होते म्हणून ऐकू आलं : “एडू, एनिमिदी... पदिहेनू.” मग मोठ्याने, “पंधरा, बाई.” तोवर चार जणांचे हात वर गेले होते आणि उत्तरही देऊन झालं होतं. पहिल्या सत्रात तिच्या प्रगतिपुस्तकात मी ‘गणितात कच्ची’ असा शेरा लिहिला होता. प्रत्येक गणित ती आधी तेलुगूत सोडवत होती आणि मग मराठीत आणत होती, हे मला दिवाळीनंतर उमगलं. तो शेरा मी खोडला, पण तिने तो आधीच वाचलेला होता.

तुमच्या मुलीला पाचवीत इंग्रजी माध्यमात घातलंत, तर तीही वर्षभर अशीच दोनदा गणित करेल. अपूर्णांक आणि शाब्दिक उदाहरणं सुरू होतात नेमक्या त्या वर्षी.

आता शाळेचं. आपल्याकडे जुनी रचना पहिली ते चौथी, पाचवी ते सातवी आणि आठवी ते दहावी हायस्कूल अशी होती. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक शिक्षण आठवीपर्यंत धरलं. इमारती आणि वर्ग मात्र पुष्कळ ठिकाणी जुन्याच मापाचे राहिले. म्हणून सातवीपर्यंतची शाळा दिसली की मला ती एक पायरी कमी असलेल्या जिन्यासारखी वाटते. त्याच कायद्याच्या कलम ५ मध्ये लिहिलं आहे की शाळेत प्राथमिक शिक्षण पूर्ण करायची सोय नसेल, तर मुलाला दुसऱ्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत बदली मागायचा हक्क आहे आणि दाखला द्यायला उशीर करता येत नाही. हे पाठ करून ठेवा, ऑफिसात बोलताना कामाला येतं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर दोन-तीन आयांना सोबत घ्या आणि जवळपासच्या अनुदानित मराठी हायस्कुलांत जाऊन या. बऱ्याच हायस्कुलांना पाचवीपासून वर्ग असतात. तिथे पाचवीला प्रवेश मिळाला तर जरूर घ्या. भाषा तीच राहते आणि दहावीपर्यंत एकच दाखला चालतो. सेमी इंग्रजी आहे का आणि कुठल्या इयत्तेपासून, तेही विचारा. गणित-विज्ञान इंग्रजीतून आणि बाकी सगळं मराठीतून, हा मार्ग मी शेकडो मुलांना जमलेला पाहिला आहे. एकटीने जाऊ नका. एकट्या आईला “साहेब नाहीत” म्हणतात, चार जणी गेल्या की साहेब असतात.

प्रश्न : लहान मुलं भाषा चटकन उचलतात हे शास्त्रच सांगतं. मग पहिलीपासून हिंदीला तुमच्यासारख्या शिक्षकांनी विरोध का केला? यात मुलांचं हित होतं की राजकारण?
— एक पालक, नाशिक

उत्तर : दोन्ही होतं, पण माझ्या विरोधाचं कारण सांगते.

आधी घटनाक्रम. १६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयाने मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा सक्तीची केली. ओरड झाली. १७ जूनला सुधारित निर्णय आला : ‘अनिवार्य’ गेलं, ‘सर्वसाधारणपणे’ आलं. दुसरी भारतीय भाषा हवी असेल तर वर्गात किमान वीस मुलांनी ती मागायला हवी, नाहीतर ती ऑनलाइन शिकवली जाईल. २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले गेले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ५ जुलैला वरळीत ठाकरे बंधूंचा एकत्र मेळावा झाला, तो तुम्ही टीव्हीवर पाहिलाच असेल.

मुलं भाषा चटकन उचलतात, हे खरं. नळावर उचलतात, गल्लीत उचलतात. आमच्या इमारतीतल्या प्रत्येक पोराला कामापुरती हिंदी यायची आणि ती कोणी शिकवली नव्हती. लिहिणं-वाचणं ही निराळी गोष्ट आहे. सहा वर्षांच्या मुलाचा हात नुकताच देवनागरीवर बसत असतो. मराठीत ‘कवी’ दीर्घ, हिंदीत ‘कवि’ ऱ्हस्व. आपल्याकडे ‘पाणी’, तिकडे ‘पानी’. आपली तीन लिंगं, त्यांची दोन. लिपी एकच असल्याने हा गोंधळ वाढतो, कारण मुलाच्या डोळ्याला दोन भाषांमधली भिंतच दिसत नाही. पाचवीत हिंदी सुरू झाली की पहिले दोन महिने माझ्या मराठीच्या वह्यांत ‘पानी’ यायचं. दहा वर्षांचं मूल त्यातून बाहेर येतं, कारण तोवर त्याची मराठी पक्की झालेली असते. आणि २००० पासून पहिलीला इंग्रजी आहेच. म्हणजे ही तिसरी भाषा सहा वर्षांच्या मुलावर एकाच वर्षात आली असती. द्विशिक्षकी शाळेतला एक गुरुजी दोन-तीन इयत्ता सांभाळतो, त्याने हे कधी शिकवायचं?

मला सगळ्यात जास्त बोचली ती वीसची अट. ऑगस्ट १९४९ मध्ये प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांनी दिल्लीत ठरवलं होतं की वर्गात दहा किंवा अख्ख्या शाळेत चाळीस मुलं वेगळ्या मातृभाषेची असतील, तर प्राथमिक शाळेत त्यांना त्या भाषेतून शिकवायला शिक्षक द्यायचा. १९५६ मध्ये घटनेत कलम ३५०-अ आलं, भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्याने करावी म्हणून. त्या कलमात आकडाच नाही. माध्यमिक शाळांसाठी १९६१ मध्ये मुख्यमंत्र्यांच्या परिषदेत आकडा ठरला तो शेवटच्या चार इयत्तांत मिळून साठ आणि प्रत्येक वर्गात पंधरा. पहा, वर चढावं तसा आकडा वाढतो. माझ्या दुसऱ्या मजल्यावरची शाळा या हिशेबातच संपली. सहा मुलं होती ना!

विरोधाच्या पत्रकावर मी सही केली होती, आजही करेन. पण जून महिन्यात जे रस्त्यावर उतरले त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. पहिलीत काय नको हे आपण जोरात सांगितलं, तेवढ्याच जोरात सातवीनंतर मराठी वर्ग हवा हेही सांगा. कमी पटाच्या शाळा एकत्र करण्याची चर्चा २०२३ पासून चालू आहे आणि तिथेही आकडा वीसच आहे.

प्रश्न : बाई, आम्ही जत तालुक्यातले. घरी कन्नड, देवघरात विठोबा, मासिक तुमचं. मुलगा कन्नड माध्यमात सहावीत आहे. २०२२ मध्ये कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी आमच्या गावांवर हक्क सांगितला तेव्हा इकडचे लोक आमच्याकडे संशयाने पाहू लागले. मुलाला मराठी शाळेत घालून मोकळं व्हावं का?
— एक शेतकरी

उत्तर : दादा, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मोकळं होण्यासाठी मुलाची शाळा बदलू नका. तुम्ही कोणाला काही सिद्ध करून दाखवायचं नाहीये.

जत आणि अक्कलकोट भागात कन्नड शाळा आहेत, जशा बेळगाव, खानापूर, निपाणीकडे मराठी शाळा आहेत. सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल, तुमच्या मुलाची दहावी त्याच्या आधी आहे. कर्नाटकाने २०१५ मध्ये शाळांत कन्नड शिकणं बंधनकारक करणारा कायदा केला, आपण २०२० मध्ये मराठीचा केला. राज्याची भाषा प्रत्येकाने शिकावी, हे मला मान्य आहे. बेळगावच्या मराठी मुलाला मराठी शाळा, मराठी पुस्तकं आणि मराठी शिक्षक मिळायलाच हवेत, असं आपण म्हणतो. तेच मी जतच्या कन्नड मुलासाठी मागते, आणि ते मागताना माझ्या मराठीपणाला काही कमी पडत नाही.

कामाचं सांगते. दोन गोष्टी आत्ताच पहा. आठवी ते दहावी कन्नड माध्यमाचं हायस्कूल किती लांब आहे? आणि अकरावी कुठल्या भाषेतून करायची? अकरावी मराठी किंवा इंग्रजीतून करायची असेल तर आत्तापासून घरी रोज अर्धा तास मराठी मोठ्याने वाचून घ्या, विशेषतः विज्ञानाचं मराठी पुस्तक. ‘विद्युतधारा’, ‘घनता’, ‘अपूर्णांक’ हे शब्द एकदा कानावर पडले की पुढची भीती निम्मी होते. कन्नड त्याच्याकडे आहेच. ती सोडू नका.

प्रश्न : पुण्यात एक नवी शाळा निघाली आहे. ‘नर्सरी ते बारावी एकाच छताखाली, बहुभाषिक’ अशी जाहिरात आहे. पहिलीपासून फ्रेंच, फी डोळे फिरवणारी. घालावं का?
— एक आईबाबा, बाणेर

उत्तर : पत्रात शाळेचं नाव लिहिलंत, ते छापत नाही.

खऱ्या बहुभाषिक सलग शाळेचा नमुना पाहायचा तर युरोपियन स्कूल्स पहा. पहिली १९५३ मध्ये लक्झेंबर्गला निघाली, देशोदेशीच्या अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी. बालवर्गापासून शेवटच्या परीक्षेपर्यंत शाळा एकच. मूल आपल्या मातृभाषेच्या विभागात बसतं, दुसरी भाषा पहिलीपासून शिकतं, आणि माध्यमिकच्या तिसऱ्या वर्षापासून इतिहास-भूगोल त्या दुसऱ्या भाषेतून शिकतं. ज्या मुलांच्या भाषेचा विभागच नाही, त्यांनाही मातृभाषा विषय म्हणून शिकवली जाते. राजकारण तिथेही आहे. कुठल्या भाषेला विभाग मिळावा यावर देशांची ओढाताण चालते. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर इंग्रजी विभागात शिकवायला शिक्षक कोण पाठवणार, हाही प्रश्न आलाच. पण पायाला मातृभाषा, हे तिथे कोणी हलवलेलं नाही.

तुमच्या जाहिरातीत फ्रेंच आहे. मराठीचा उल्लेख पाठवलेल्या पानावर मला कुठे दिसला नाही. तेव्हा शाळेत जा आणि विचारा : मराठीचे तास आठवड्याला किती, कुठल्या इयत्तेपर्यंत, आणि शिकवणाऱ्या बाई पूर्णवेळ आहेत की तासिका तत्त्वावर? २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांना पहिली ते दहावी मराठी शिकवणं बंधनकारक आहे, तेव्हा उत्तर लेखी मागायला संकोचू नका. मग परवानगी काढून मधल्या सुट्टीत अर्धा तास व्हरांड्यात उभे राहा. मुलं डबा उघडून आपापल्या भाषेत मोकळेपणी बोलतात की बाई दिसल्या की आवाज खाली करतात, ते पहा. आवाज खाली करत असतील तर फीचे पैसे परत पिशवीत ठेवा आणि घराजवळच्या मराठी शाळेची पायरी एकदा चढून या.