वाचकांचे प्रश्न : साठ खेळाडूंची गोल्फ स्पर्धा

प्रश्न : मुलींच्या वसतिगृहातील अभ्यासिकेसाठी निधी उभारण्याकरिता आमच्या माजी विद्यार्थी मंडळाने पुण्यात गोल्फ स्पर्धा घेण्याचे ठरवले आहे. साठ जणांनी नावे दिली असली तरी नियमित खेळणारे जेमतेम पंधरा आहेत; बाकीच्यांनी स्टिक कधी हातातही धरलेली नाही. सुट्टीच्या सोयीने मे महिना सुचवला जात आहे. नियोजन कसे करावे?
— एक वाचक, चोपडा

उत्तर : मे महिन्याचा विचार प्रथम सोडून द्यावा. अठरा होलची, म्हणजे चेंडू खड्ड्यात घालण्याच्या अठरा टप्प्यांची, फेरी पूर्ण व्हायला साडेचार ते पाच तास लागतात आणि त्यातला बहुतेक वेळ उघड्यावरच जातो. खानदेशच्या ४५ अंशांची सवय असलेल्यांनाही ते झेपणार नाही. जानेवारीतला दिवस घ्यावा. रविवारी अनेक क्लब सभासदांना प्राधान्य देतात, म्हणून आठवड्यातला मधला वार आधीच विचारून ठेवावा आणि मैदानाचे आरक्षण निदान चार-पाच महिने अगोदर करावे. जळगावहून पुणे सुमारे चारशे किलोमीटर आहे, तेव्हा सर्वांनी आदल्या संध्याकाळी पोहोचलेच पाहिजे.

साठ ही संख्या आपल्याला फार सोयीची आहे. चौघांचा एक याप्रमाणे पंधरा गट होतात आणि होल अठरा असतात. एकामागून एक गट दहा मिनिटांच्या अंतराने सोडले, तर शेवटचा गट पहिल्यानंतर दोन तास वीस मिनिटांनी सुरू होईल आणि आधी आलेली मंडळी बक्षीस समारंभाची वाट पाहत ताटकळतील. त्याऐवजी ‘शॉटगन स्टार्ट’ घ्यावा : प्रत्येक गट वेगवेगळ्या होलवर उभा राहतो, भोंगा वाजताच सगळे एकदम सुरुवात करतात आणि जवळपास एकाच वेळी परततात. सकाळी साडेसातला सुरुवात झाली, तर साडेबाराच्या सुमारास सगळे पंगतीला बसलेले असतील.

खेळाची पद्धत ‘स्क्रॅम्बल’ ठेवावी, असे माझे ठाम मत आहे. तीत चौघेही फटका मारतात, त्यांतला सर्वांत चांगला चेंडू निवडला जातो आणि पुढचा फटका चौघेही त्याच जागेवरून मारतात. आपल्याकडे पंधरा जाणकार आहेत, म्हणजे प्रत्येक गटाला बरोबर एक मिळतो. जाणकारांत जो सर्वांत निष्णात असेल, त्याच्या गटात अगदी नवखे तिघे द्यावेत. एक अट मात्र जरूर घालावी : गटातील प्रत्येकाचा टी-शॉट (होलची सुरुवात करणारा पहिला फटका) किमान तीन होलवर निवडलाच पाहिजे. ही अट नसेल, तर जाणकार एकटाच खेळतो आणि बाकीचे तिघे दिवसभर त्याच्या मागून फिरतात.

नवख्यांसाठी महिनाभर आधी जळगावातच एक सकाळ राखून ठेवावी. पुटिंगचा, म्हणजे चेंडू हळूच घरंगळत खड्ड्यात नेण्याचा, सराव सतरंजीवरही होतो. फटका मारणाऱ्याच्या मागे किंवा पुढे उभे राहू नये, ग्रीनवर (खड्ड्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर) पाय घासत चालू नये, उखडलेला गवताचा तुकडा जागेवर बसवून दाबावा, चेंडू कुणाच्या दिशेने गेला तर ‘फोर’ म्हणून ओरडावे, एवढे तरी सर्वांच्या अंगवळणी पडलेले असावे. मैदानाची निगा राखणाऱ्या माळ्यांच्या कष्टांची जाणीव ठेवायची, तर ग्रीनचा नियम फार महत्त्वाचा आहे.

पैशांबाबत प्रवेशशुल्कातून मैदानभाडे, कॅडी (स्टिकची पिशवी वाहणारे मदतनीस) आणि जेवण एवढेच भागवावे. अभ्यासिकेचा निधी प्रायोजकांकडून उभा करावा. अठरा होल म्हणजे अठरा फलक. सराफ, केळीचे व्यापारी, डाळमिलवाले, ठिबकवाले यांच्याकडे प्रत्येकी एका होलचे प्रायोजकत्व मागावे. संस्थेकडे देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारी (८०जी) मान्यता असेल, तर देणगीची पावती वेगळी द्यावी. प्रवेशशुल्काच्या बदल्यात सेवा मिळालेली असते, म्हणून ते देणगीत धरू नये.

मंडपापेक्षा पाण्यावर आणि गुणांच्या टेबलावर खर्च करावा. पाण्याची गाडी सतत फिरती असावी आणि तीत रावेर-यावलची केळी ठेवावीत. टेबलावर दोन माणसे बसवावीत : एकाने कार्डावरचे आकडे मोठ्याने वाचावेत, दुसऱ्याने बेरीज करावी आणि सही नसलेले कार्ड परत करावे. बरोबरी झाल्यास शेवटच्या नऊ होलचे फटके मोजायचे, तेही सारखे असल्यास शेवटच्या सहाचे, मग तिनाचे, हे भोंगा वाजण्यापूर्वीच जाहीर करावे. जेवणात भरीत-पुरी ठेवणार असाल, तर जानेवारी हा भरताच्या वांग्यांचाच हंगाम आहे. वांगी इकडूनच न्यावीत आणि ती भाजायला मैदानापासून दूर जागा मिळेल का, हे क्लबच्या व्यवस्थापकांना आधी विचारून घ्यावे.