तुझ्या यादीतली मधली रेघ

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली यादी दोनदा वाचली. डावीकडे युद्धात गमावलेल्या नौका, उजवीकडे शांततेच्या काळात गमावलेल्या आणि मधोमध पट्टीने आखलेली रेघ. मेहनत दिसते. पण ती रेघ मला खटकली, आणि का खटकली ते नीट सांगावं म्हणून लिहायला बसलो.

१८ डिसेंबर १९४४ची नोंद बघ. फिलिपाइन्सच्या पूर्वेला अमेरिकी ताफा वादळात सापडला. हल, स्पेन्स आणि मोनॅहन या तीन विनाशिका उलटल्या, सुमारे ७९० माणसं गेली. महायुद्ध चालू होतं म्हणून तू त्या डावीकडे घातल्यास. पण त्या दिवशी त्यांच्यावर शत्रूने एकही गोळी झाडली नव्हती. स्पेन्सच्या तेलटाक्या जवळजवळ रिकाम्या होत्या. अशा वेळी टाक्यांत समुद्राचं पाणी घेऊन जहाजाच्या तळाला वजन द्यायचं असतं. मात्र तेल भरायच्या आधी ते पाणी पुन्हा उपसावं लागतं, आणि तेल तर आज मिळेल, उद्या मिळेल असं वाटत होतं. पाणी घ्यायला उशीर झाला. आता सांग, ही नोंद रेघेच्या कुठल्या बाजूला घालशील?

डॅमेज कंट्रोल, म्हणजे घाव बसलेलं जहाज तरंगत ठेवण्याची विद्या, शिकवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. तेव्हापासून मी कुठलंही बुडालेलं जहाज एकाच प्रश्नाने वाचतो: घाव बसला तो क्षण आणि जहाज गेलं तो क्षण, यांच्या मधल्या वेळात काय झालं? तुझ्या यादीत दोन्ही टोकं आहेत, हा मधला वेळ कुठेच नाही.

जपानची तायहो ही विमानवाहू नौका मला अजून अस्वस्थ करते. १९ जून १९४४ला सकाळी तिला एकच टॉर्पेडो लागला. जहाज नवं होतं, भक्कम होतं, घाव लागूनही वेगात चालत राहिलं. आत मात्र विमानाच्या इंधनाची टाकी फुटून वाफ साचू लागली होती. ती बाहेर जावी म्हणून हवा खेळवणारी सगळी यंत्रणा पूर्ण जोराने चालू केली गेली, आणि वाफ जहाजभर पसरली. सुमारे सहा तासांनी स्फोट झाला. हुकूम देणाऱ्याला मूर्ख म्हणू नकोस. कोंडलेली वाफ बाहेर काढावी, हे कुणालाही सुचलं असतं. पण ती वाफ कुठल्या वाटेने कुठे जाईल, हे आधी ठाऊक असावं लागतं, आणि त्या घाईत ते शोधत बसायला वेळ नसतो.

आता उजवीकडची हेल्गे इंगस्टाड. नॉर्वेची ही फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराची युद्धनौका, ८ नोव्हेंबर २०१८च्या पहाटे एका तेलवाहू जहाजावर घासली. समोरचे दिवे किनाऱ्यालगतच्या एखाद्या स्थिर वस्तूचे आहेत, असा जहाज हाकणाऱ्या कक्षातल्या लोकांचा समज झाला होता. जहाजावरची सगळी १३७ माणसं वाचली, म्हणून तू तिला एक ओळ दिलीस. मी तिला दोन पानं दिली असती. जलरोधक म्हणून बांधलेल्या कप्प्यांमध्ये पाणी शिरलं ते पोकळ प्रोपेलर शाफ्टमधून (जहाजाचा पंखा फिरवणाऱ्या दांड्यातून), म्हणजे भिंती शाबूत असताना! आणि चौकशीत असंही निघालं की जहाज सोडताना दारं आणि झाकणं नीट बंद केली असती, तर ते तरंगत राहिलं असतं.

कधी कधी मधला वेळ उरतच नाही, हेही मान्य करायला हवं. २४ मे १९४१ला हूड ही ब्रिटिश नौका दारूगोळ्याच्या स्फोटाने काही मिनिटांत गेली आणि तिच्यावरच्या चौदाशेहून अधिक माणसांपैकी फक्त तीन वाचली. ९ डिसेंबर १९७१ला आपल्या नौदलाच्या खुकरी या युद्धनौकेबरोबर कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १९४ जण गेले. तिथे बुडतानाच्या वेळाचा हिशेब मांडत बसू नये. तिथे प्रश्न मागे न्यायचा: जहाज बांधताना, मोहिमेवर धाडताना काय ठरलं होतं?

थ्रेशर या अमेरिकी पाणबुडीच्या बाबतीत तो मागे नेला गेला. १० एप्रिल १९६३ला खोल पाण्यातल्या चाचणीत ती १२९ जणांसह गेली. समुद्राचं पाणी वाहणाऱ्या नळीचा एखादा सांधा सुटला असावा, असा चौकशीचा निष्कर्ष होता. मग पाणबुडीच्या सांध्यांची, झडपांची, पोलादाची कागदोपत्री आणि प्रत्यक्ष तपासणी सक्तीची करणारी सबसेफ ही पद्धत आली. तिच्या कसोटीतून पार पडलेली एकही अमेरिकी पाणबुडी त्यानंतर गमावलेली नाही. १९६८ला ९९ जणांसह गेलेल्या स्कॉर्पियनला ते प्रमाणपत्र मिळालेलं नव्हतं. मृतांच्या आकड्यापुढे तू 'कारण: अपघात' लिहून थांबतोस ना, तेव्हा हे सगळं त्या एका शब्दाखाली गाडलं जातं. माझा राग आहे तो त्या शब्दावर.

म्हणून रेघ पुसून टाक आणि प्रत्येक नावापुढे तीन रकाने कर: घाव कसला, आत कुठून पसरलं, आणि कधीपर्यंत थांबवता आलं असतं. काही रकाने कोरे राहतील, राहू देत. अंदाजाने भरू नकोस.

आणि एक वेगळं पान लाव, न बुडालेल्या जहाजांचं. पहिलं नाव सॅम्युएल बी. रॉबर्ट्स या अमेरिकी फ्रिगेटचं. १४ एप्रिल १९८८ला इराणच्या आखातात सुरुंगाने तिचा कणाच मोडला आणि इंजिनरूम पाण्याने भरली. खलाशांनी आग आवरली, भगदाडं जमेल तसं बुजवली, वरचा सांगाडा फाटत चालला तेव्हा तो पोलादी दोरांनी आवळून धरला. एकही माणूस गेला नाही. दुरुस्तीनंतर ती २०१५पर्यंत सेवेत होती. त्या खलाशांनी आधी कोणता सराव केला होता, किती वेळा केला होता, ते शोधून काढ. नवी यादी पाठवशील तेव्हा मला ते पान सगळ्यात वर हवं.

तुझा,
जुना शिक्षक