जाडी बघून पळालेल्या मैत्रिणी

प्रश्न : म्हापशात आमचा आठ बायकांचा वाचनगट आहे. जुनी कादंबरी म्हणून मी ‘पण लक्षात कोण घेतो’ सुचवली. जाडी बघूनच निम्म्या जणी पळाल्या!

उत्तर : त्यांना दोष देऊ नका, ताई. हरिभाऊ आपट्यांच्या त्या कादंबरीतली यमू मलाही दोन पावसाळे पुरली होती. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ घ्या. १९३९ची, दोन-तीन दुपारींत संपणारी. युरोपातून मुंबईला निघालेली बोट, नाझींच्या जाचातून सुटलेले ज्यू, चक्रधर आणि हेर्टाची थोड्याच दिवसांची ओळख. माझे वडील तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारे होते, तुमच्या गटातही कुणाचे तरी असतीलच. बोटीवरचं अधांतरी जगणं तुमच्या मैत्रिणींना समजावून सांगावं लागणार नाही. शेवट मात्र आधी फोडू देऊ नका. चक्रधरवरून खुशाल भांडा. मला तो अजून आवडत नाही.