पाइप पुसू नकोस

तुझे दोन्ही फोटो पाहिले. एकात मे महिन्यातली उजनी, भेगाळलेला गाळ आणि पाण्याच्या मागं मागं सरकत गेलेले मोटारींचे काळे पाइप. दुसराही तोच, फक्त पाइप पुसलेले. खाली तुझा प्रश्न : "काका, स्पर्धेला कुठला पाठवू?"

खरं सांगू? राग आला. तुझ्यावर कमी, माझ्यावर जास्त.

सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर मी हेच केलंय. पहाटेपासून लपणात बसल्यावर माळढोक मिळाला, पण मागं विजेचा खांब आणि तारा. स्पर्धेच्या निसर्ग विभागात माणसाची खूण चालत नसे. डार्करूममध्ये खांब कापला, प्रमाणपत्र आलं. दुकानात टांगलंय, तू पाहिलंयस. पुढं कळलं, या जड पक्ष्याला उडताना समोरचं नीट दिसत नाही, तारांना धडकून मरतो. तिथलं माळढोक अभयारण्य 1979 चं. आता तिथं माळढोक दिसला तर बातमी होते. आणि पुरावा मी कापून टाकलेला.

लग्नाच्या ऑर्डरींवर घर चालायचं, नाव झालं तर गिऱ्हाईक यायचं. हे कारण मला अजूनही पटतं. निम्मं पटतं.

तू तरी पाइप पुसू नकोस. उजनी 1980 ची, साठा 117 टीएमसी, त्यात निम्म्याहून जास्त मृतसाठा, म्हणजे दारांतून आपोआप बाहेर न येणारं तळचं पाणी. धरण मायनसमध्ये गेलं म्हणजे आपण तो मृतसाठा उपसतोय. कशासाठी, ते काठावरच्या उसाला विचार. एवढं सगळं त्या पाइपात होतं आणि तू ते बोटानं पुसलंस! रोहित पक्षी काय, हिवाळ्यात दर रविवारी शंभर जण टिपतात. तेही धरण झालं म्हणून आलेले.

1975 साली अमेरिकेत रोचेस्टरला माणसानं बदललेल्या भूदृश्यांचं एक प्रदर्शन झालं. डोंगर-धबधबे नाहीत; रांगेतली घरं, वाहनतळ, कारखाने. त्यातलं जर्मन जोडपं, बेर्न्ड आणि हिला बेचर, ढगाळ उजेडात पाण्याच्या टाक्या अशा टिपायचं, जसे आपण पासपोर्ट फोटो काढतो. तुला कंटाळा येईल. तरी बघ. आणि पाइप पुसू नकोस.

लेन्स, ड्रोन वगैरे भेटल्यावर बोलू.

शनिवारी मूळ फाइल घेऊन ये. मी माळ्यावरचा निगेटिव्हचा डबा काढून ठेवतो. बुरशी लागली नसेल, तर खांब तिथं अजून उभा असेल.

तुझा,
काका