कुत्रीचा हाडाचा कॅन्सर उलटला आहे. पुन्हा उपचार करावेत की थांबावं? आणि आपण हे कसं सोसायचं?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या कुत्रीचा पुढचा पाय वर्षभरापूर्वी काढावा लागला, केमोचे सगळे डोस पूर्ण झाले, ती तीन पायांवर मजेत पळत होती, आणि नेहमीच्या तपासणीत दोन्ही फुप्फुसांत गाठी दिसल्या. डॉक्टरांनी दोन-तीन पर्याय सांगितलेत, घरात त्यावर दोन तट पडलेत आणि तुमची झोप उडाली आहे. आमच्या खंडू या कुत्र्याचंही साधारण असंच झालं होतं, म्हणून लिहितोय. मी डॉक्टर नाही. औषधांबद्दल जे सांगतो ते त्या काळात विचारून, वाचून कळलेलं. कोणतं द्यायचं आणि किती, हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

प्रश्नाच्या शेवटी तुम्ही जाता जाता विचारलंय, ‘आम्ही कुठे कमी पडलो का?’ मला सगळ्यात आधी त्याचंच उत्तर द्यावंसं वाटतं. नाही पडलात. ऑस्टिओसार्कोमाची, म्हणजे या हाडाच्या कॅन्सरची, खोड अशी की पायाची गाठ लक्षात येते तोवर जवळपास ९० टक्के कुत्र्यांत तिच्या पेशी रक्तावाटे बाहेर पडून कुठेतरी जाऊन बसलेल्या असतात. त्या वेळी छातीचा एक्स-रे बहुतेकांचा स्वच्छच येतो, कारण काही मिलिमीटर वाढल्याखेरीज गाठ त्यात दिसतच नाही. नुसता पाय काढला तर निम्मी कुत्री चार-पाच महिन्यांत जातात. पाय काढून वर कार्बोप्लॅटिन किंवा डॉक्सोरुबिसिनसारखी केमो दिली तर हाच काळ दहा-बारा महिन्यांपर्यंत लांबतो, आणि दोन वर्षं पार करणारं पाचात एखादंच निघतं. तुमच्या कुत्रीचं ते पळापळीचं वर्ष उपचारांनीच दिलेलं आहे. जिना चढू दिला, अमुक खायला घातलं, त्या दिवशी उडी मारली, असले हिशेब मनात चालू असतील तर ते बंद करा. या आजारात सगळ्यात मोठा वाटा थोराड अंगाचा आणि जातीचा असतो. रॉटवायलर, ग्रेट डेन, ग्रेहाउंड, सेंट बर्नार्ड यांच्यात तो जास्त आढळतो तो त्यामुळेच.

आता पुढचं. काहीही ठरवण्याआधी नेमकं काय, कुठे आणि किती पसरलंय हे कळायला हवं. एक्स-रे एकाच बाजूने काढला असेल तर तीन बाजूंनी काढून घ्या. शस्त्रक्रियेचा विचार असेल तरच सीटी स्कॅन करा, कारण त्यात एक्स-रेमधून सुटलेल्या बारीक गाठीही दिसतात. नुसतं ‘कळावं म्हणून’ त्यासाठी तिला भूल द्यायला मी तयार झालो नसतो. आणि ती लंगडत असेल किंवा उरलेल्या पायांवर सूज असेल तर लगेच ‘हाडात पसरला’ असं धरून चालू नका. फुप्फुसात गाठी असलेल्या कुत्र्यांत कधीकधी पायांच्या हाडांवर नवा थर चढतो आणि पाय सुजून गरम लागतात, दुखतात. त्याला हायपरट्रॉफिक ऑस्टिओपथी म्हणतात. ती गाठ नसते आणि तिचा इलाज वेगळा असतो. पायाचा एक एक्स-रे काढला की उलगडा होतो.

उपचारांबद्दल माझं मत स्पष्ट आहे, पटलं नाही तर सोडून द्या. पहिल्या वेळी आपण आजाराला अडवायला गेलो होतो, तेव्हा तिच्या अंगावर बरंच काही घालणं रास्त होतं. आता तो डोळ्यांना दिसण्याइतका मोठा झालाय, आणि दिसणाऱ्या गाठींवर तीच केमो पुन्हा देऊन फारसं काही हाती लागत नाही. त्यामुळे प्रत्येक पर्यायाला एकच प्रश्न विचारायचा: यातून तिचा येता आठवडा सुधारणार आहे का? डॉक्टरांनाही याच शब्दांत विचारा. आमच्या डॉक्टरांना हा प्रश्न विचारल्यावर ते क्षणभर थांबले आणि पाच पर्यायांचे दोन झाले.

अपवाद आहे, तोही सांगतो. पहिल्या उपचारानंतर निदान दहा महिने शांततेत गेले असतील, गाठी एक-दोनच असतील आणि त्या झपाट्याने वाढत नसतील, तर त्या काढून टाकण्याची शस्त्रक्रिया करतात आणि निवडक कुत्र्यांना त्यातून चांगले महिने मिळतात. तुमच्या बाबतीत काळ बसतो, पण दोन्ही बाजूंना गाठी आहेत. नेमक्या किती, यावर सगळं अवलंबून आहे. एका शल्यविशारदाचं मत घ्यायला हरकत नाही. घ्या आणि विषय मिटवा, नाहीतर पुढे तोच काटा टोचत राहतो.

तोंडावाटे द्यायच्या गोळ्यांचं म्हणाल तर टोसेरॅनिबचं नाव तुमच्या कानावर आलंच असेल. अमेरिकेत २००९ साली ते कुत्र्यांच्या त्वचेच्या एका कॅन्सरसाठी मंजूर झालं. ऑस्टिओसार्कोमात ते देऊन पाहतात. काहींमध्ये गाठींची वाढ काही काळ थबकते, गाठी विरघळून जाणं मात्र दुर्मीळ. जुलाब, भूक मंदावणं हे त्याचे त्रास. सायक्लोफॉस्फमाइड या केमोच्या औषधाच्या रोजच्या छोट्या मात्रेचा पर्याय सौम्य वाटतो, पण त्याने मूत्राशयाला इजा होऊ शकते. लघवी लालसर दिसली तर त्याच दिवशी कळवायचं. दोन्ही वाईट नाहीत. फक्त घरातल्या कोणी ‘गोळ्या चालू केल्यात, आता बरी होईल’ असं मनाशी धरू नये.

हाडात नवी गाठ निघाली असेल तर गोष्ट वेगळी, कारण हाडाची कळ भयंकर असते. वेदनेसाठी दिलेल्या रेडिएशनच्या मोजक्या मात्रांनी बऱ्याच कुत्र्यांना आठवडाभरात उतार पडतो आणि तो दोन-तीन महिने टिकू शकतो. झोलेड्रोनेट किंवा पॅमिड्रोनेट शिरेतून देतात, त्याने हाड झिजणं मंदावतं. एक धोका लक्षात असू द्या: दुखणं थांबलं की कुत्रं उड्या मारतं, आणि पोखरलेलं हाड मोडतं. तीन पायांच्या कुत्रीला ते परवडणारं नाही.

खरं काम वेदनेवर आहे आणि ते तुमच्या हातात आहे. कुत्रं दुखतंय म्हणून केकाटेल याची वाट पाहू नका. खंडू एकदाही ओरडला नाही. तो रात्री जागा बदलत राहायचा, उकाडा नसताना धापा टाकायचा, एकच जागा चाटत बसायचा, आणि अंगावरून हात फिरवला की मान वळवून बघायचा. हे दिसलं की औषध कमी पडतंय असं समजायचं. कार्प्रोफेन किंवा मेलॉक्सिकॅमसोबत गॅबापेंटिन, अमँटॅडिन अशी एकाहून जास्त औषधं जोडीने देतात, आणि ती मागायला संकोच करू नका. ठरलेल्या वेळी द्यायची, दुखेल तेव्हा नाही. माणसांच्या डब्यातली वेदनाशामकं मात्र कधीही नाहीत. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, किडनी निकामी होते. आणि कार्प्रोफेन किंवा मेलॉक्सिकॅम चालू असताना कोणी स्टेरॉइड लिहून दिलं तर आधीच्या औषधाची आठवण करून द्या, दोन्ही एकत्र चालत नाहीत.

घरात गुळगुळीत फरशी असेल तर तिच्या नेहमीच्या वाटेवर न घसरणाऱ्या चटया अंथरा. ताटली थोडी उंचावर ठेवा, म्हणजे एकाच पुढच्या पायावर भार टाकून वाकावं लागणार नाही. ती गाढ झोपलेली असताना मिनिटभर श्वास मोजायची सवय लावून घ्या. ३०च्या आत असेल तर निश्चिंत. रोज चढत चालला असेल तर डॉक्टरांना फोन. हा आकडा मला फार उपयोगी पडला, कारण फुप्फुसातल्या गाठी बराच काळ काहीच दाखवत नाहीत. खोकला काहींना येतो, काहींना येतच नाही.

थांबायचं कधी, म्हणजे इंजेक्शन देऊन तिला निरोप कधी द्यायचा, हे आत्ता ठरवा. ती बरी दिसतेय तेव्हाच. शेवटच्या दिवसांत आपलं डोकं आपलं नसतं. प्रत्येक वाईट रात्रीनंतर ती एक घास खाते आणि आपण पुन्हा आशेला लागतो. अमेरिकेतल्या पशुवैद्य अ‍ॅलिस व्हिलालोबॉस यांनी २००४ साली एक मोजपट्टी मांडली. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात बाबींना प्रत्येकी दहापैकी गुण द्यायचे, स्थिती जितकी चांगली तितके जास्त. बेरीज ३५च्या वर असेल तर जगणं सुसह्य मानायचं. आमच्या घरी प्रत्येकजण वेगळ्या कागदावर गुण लिहायचा आणि मग ताडून बघायचो. वाद होते ते त्यातूनच निवळले. बायको वेदनेला तीन द्यायची, मी सात. मग बोलताना कळलं की रात्रीचा खंडू तिलाच दिसत होता, मी झोपलेला असायचो. तुमच्याकडच्या दोन तटांनाही एकदा असे गुण लिहायला सांगा. बहुतेक वेळा भांडण मतांचं नसतं, दोघांनी वेगवेगळ्या वेळचं कुत्रं पाहिलेलं असतं.

शिवाय तिला जिवापाड आवडणाऱ्या तीन गोष्टी लिहून काढा. खंडूच्या होत्या रबरी चेंडू, फाटकावर येणाऱ्या प्रत्येकावर भुंकणं आणि माझ्या भावाची मांडी. त्यातल्या दोन सुटल्या की दिवस ठरवायचा असं आम्ही आधीच बोलून ठेवलं होतं. चेंडू आधी सुटला. पुढे एकदा भाऊ आला आणि हा उठलाच नाही, नुसती शेपटी हलवली. त्या संध्याकाळी आम्ही डॉक्टरांना फोन केला. भुंकणं शेवटपर्यंत शाबूत होतं, हे सांगायलाच हवं.

आता तुमच्याबद्दल. ती समोर खेळत असताना तुम्हाला रडू येतं असं तुम्ही लिहिलंय. येणारच, माणूस जाण्याआधीच त्याचा शोक सुरू होतो, तसा कुत्र्याचाही होतो. पण तिला एक्स-रेतलं काही ठाऊक नाही, तिला फक्त तुमचा चेहरा दिसतो. म्हणून रडायचं तर दुसऱ्या खोलीत रडा, किंवा तिच्याजवळच रडा आणि मग फिरायला न्या. दोन्ही चालतं. दिवसभर तिच्याकडे टक लावून बसणं तेवढं टाळा. कुत्र्यांना ते अस्वस्थ करतं. रात्रीची पाळी वाटून घ्या. ‘कुत्र्यासाठी एवढं?’ म्हणणारे भेटतील, त्यांना समजावण्यात वेळ घालवू नका. आणि पैशांचं घरात उघड बोला. हात आखडता घ्यावा लागला तर वेदनेचं औषध सोडून बाकी कशावरही घ्या, त्यात कमीपणा नाही.

शेवटच्या दिवसाची माहिती आत्ताच विचारून ठेवा: डॉक्टर घरी येतात का, रात्री-अपरात्री कोणाला फोन करायचा, नंतर दफन की दहन. आधी गुंगीचं इंजेक्शन देतात, ती झोपली की शिरेतून पेंटोबार्बिटल या भुलीच्या औषधाची मोठी मात्रा. काही क्षणांत शुद्ध जाते, काही मिनिटांत हृदय थांबतं. डोळे उघडेच राहतात, नंतर एखादा खोल श्वास किंवा स्नायूचा झटका येऊ शकतो. ती जागी झालेली नसते. हे आधी माहीत नसेल तर माणूस हादरतो, म्हणून सांगून ठेवतो.

मुलगा नऊ वर्षांचा आहे म्हणालात. त्याला आजाराचं नाव सांगा, ती बरी होणार नाही हेही सांगा, आणि त्या वेळी खोलीत थांबायचं की नाही हे त्याचं त्याला ठरवू द्या. ऐन वेळी त्याने मत बदललं तरी चालेल, फक्त त्याला बाहेर नेणारं एखादं घरातलं माणूस आधीच नेमून ठेवा.